पुकारा

एकोणीस पायऱ्या आहेत. झाडतो मीच, म्हणून ठाऊक.
सातवी हलते. बाराव्या पायरीवर कुणी
खिळ्यानं एका मुलीचं नाव कोरलंय.
तिच्या पोटगीचा खटला संपला, नाव अजून आहे.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, म्हणतात.
असेल. पण ज्याला चढताच येत नाही
त्याला शहाणा म्हणायचं का?

आमचं गाव वायरापाम्पा, म्हणजे वाऱ्याचं पठार.
इथं कागद कुणी हातात धरत नाही,
छातीशी धरतं.

माझं काम पुकाऱ्याचं. दारात उभं राहायचं,
नाव तीनदा घ्यायचं, आणि थांबायचं
बाईंच्या मनगटावरच्या घड्याळाइतकं.

त्या गुरुवारी नाव होतं मेलितोन सुल्का.
डावा पाय खाणीत ठेवून आलेला माणूस,
ओढ्याकाठच्या चार वाफ्यांसाठी भांडणारा.
बटाट्याच्या ट्रकमधून त्याला उतरवलं
पहिल्या पायरीशी, आणि ट्रक गेला.

मी पुकारलं. खालून आवाज आला,
"काइपिम काच्कानी." इथंच आहे मी.
दुसऱ्यांदा पुकारलं. "इथंच आहे. दिसतोय की तुला!"
दिसत होता. टोपी काढून मांडीवर ठेवलेली,
कागद टोपीखाली, हात टोपीवर.
तिसऱ्यांदा मी जरा हळू पुकारलं,
म्हणजे वेळ जाईल.
गेला नाही.

आत एलेउतेरियोनं लिहिलं: गैरहजर.
मी म्हटलं, खाली बसलाय तो.
म्हणाला, खाली म्हणजे रस्ता. रस्ता नगरपालिकेचा.
शिवाय बोलला क्वेचुआत. नोंदवहीला स्पॅनिशच कळतं.

रॅम्पचा अर्ज सहा वर्षांपूर्वीच गेलेला होता वर.
परत आला, विचारणा घेऊन: कशासाठी?
उत्तर पाठवलं. पुन्हा आला: किती लोकांसाठी?
कसे मोजणार? जे आत आलेच नाहीत
त्यांची नोंदवही नसते.

मग जूनमध्ये, पायऱ्यांवर दहिवर गोठलेलं असताना,
न्यायाधीश बेनावेंते बाई सातवीवर घसरल्या.
घोटा मोडला.
अकराव्या दिवशी सिमेंट आलं.

मी हसलो नाही.
खरं सांगायचं तर थोडा हसलो. परसात, झाडूला धरून.

पण तेवढ्यावर सोडलं तर अन्याय होईल.
ते दहा दिवस आम्ही दोघं बाईंना खुर्चीसकट वर नेत होतो.
खुर्चीतून वर जाणारा माणूस पाठमोरा जातो,
त्याला खालचे सगळे दिसत राहतात.
तिसऱ्या दिवशी, बाराव्या पायरीवर, बाईंनी विचारलं,
हे लोक कधीपासून थांबलेत?
मी म्हटलं, यातल्या कुणाचं विचारता?
त्या काही बोलल्या नाहीत.

रॅम्पबरोबर एक बाक आला. खिडकी हातभर खाली सरकली.
शौचालयाची किल्ली एलेउतेरियोच्या खिशातून निघून
सगळ्यांना दिसेल अशा खिळ्यावर गेली.
फ्लोरिंदा नावाची पोरगी आली, चष्मेवाली,
आधी क्वेचुआत ऐकून घेते, मग स्पॅनिशमध्ये लिहिते,
आणि लिहिलेलं परत वाचून दाखवते.
पहिल्या आठवड्यात बायका तिच्याकडून
तेच ते दोनदोनदा वाचून घेत होत्या.
आपलं बोलणं कागदावर कसं ऐकू येतं, म्हणून.

ओल्या सिमेंटवरून रात्री कुत्रं चालून गेलं.
पावलं राहिली. राहू दिली.

मेलितोन सुल्काचा फेरअर्ज तिनंच लिहिला.
तो आला बटाट्याच्या हातगाडीत बसून, नात ढकलत,
कुत्र्याच्या पावलांवरून, चढणीला जरा धापत.
मी दारात. तो माझ्यासमोर, हात लांबवला तर लागेल इतका.
तरी नाव पुकारलं. तीनदा. नियम आहे.

त्यानं ओ दिली नाही.
माझ्या कमरेच्या बाजूनं आत बघत होता:
एक टेबल, एक झेंडा,
भिंतीवर ओल, चार प्लास्टिकच्या खुर्च्या.

"एवढंच?" तो म्हणाला.